नळजोडणीतील उलटा प्रवाह: तपासणी कशी करावी

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांचे पाणी मिळते. शुद्धीकरण केंद्रातून गाळून आणि क्लोरीन मिसळून निघालेले हे पाणी आपल्या दारापर्यंत पोचविण्याची जबाबदारी पाणीपुरवठा यंत्रणेची असते. पण मीटरच्या अलीकडे, म्हणजे कुंपणाच्या आत, ते ज्या नळ्यांतून, टाक्यांतून आणि व्हॉल्व्हमधून फिरते त्यांची काळजी घरमालकानेच घ्यायची असते. सम्पमधले (जमिनीखालच्या टाकीतले), विहिरीचे किंवा बागेतल्या पिंपातले पाणी नळजोडणीतून उलटे फिरून सार्वजनिक वाहिनीत शिरले, तर त्याचा पहिला घोट बहुधा शेजारच्या घरी प्यायला जातो. म्हणून ही तपासणी ज्याच्या घरी विहीर, बोअर, सम्प किंवा मोटार आहे त्या प्रत्येकाने करावी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात असे घर नसलेली गल्ली सापडणे कठीण आहे.

पाणी उलटे फिरण्याची कारणे दोनच आहेत. पहिले कारण म्हणजे वाहिनीतील ओढ. पुरवठा बंद झाला की उतारावरच्या घरांकडे पाणी निघून जाते आणि चढावरच्या नळीत पोकळी निर्माण होते. त्या वेळी ज्याच्या नळाचे किंवा रबरी नळीचे टोक पाण्यात बुडालेले असेल, त्याचे पाणी ती पोकळी ओढून घेते. दुसरे कारण म्हणजे घरातील दाब. विहिरीची मोटार किंवा उंचावरची टाकी यांचा दाब वाहिनीतील दाबापेक्षा जास्त झाला आणि मधला व्हॉल्व्ह गळका असला, तर घरचे पाणी रस्त्याकडे ढकलले जाते. चोवीस तास दाबाखाली असलेल्या वाहिनीत हे दोन्ही प्रसंग क्वचित येतात. आपल्याकडे जिथे अजूनही काही दिवसांआड पाणी सोडले जाते, तिथे प्रत्येक वेळी पाणी बंद होताना ते येऊ शकतात.

हा फरक किती मोठा आहे याचे मोजमाप आपल्या जवळच झाले आहे. हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांत अखंड पुरवठा आणि उरलेल्या शहरात खंडित पुरवठा अशा दोन्ही पद्धती एकाच वेळी चालू असताना संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या नळांवरील सुमारे एक तृतीयांश नमुन्यांत ई. कोलाय हे विष्ठेतून येणारे जिवाणू आढळले, तर अखंड पुरवठ्याच्या भागात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. त्याला केवळ घरगुती जोडण्या कारणीभूत होत्या असे कोणी म्हणणार नाही. फुटक्या नळ्या आणि शेजारून वाहणारी गटारेही त्यात आहेत. तरीही रिकामी नळी बाहेरचे पाणी आत घेते, हा मुद्दा त्यातून स्पष्ट होतो.

आधी नकाशा, मग पाना

तपासणीची सुरुवात कागद आणि पेन्सिल घेऊन करावी. रस्त्यावरील वाहिनीला आपली नळी जिथे फेरूलने (वाहिनीला भोक पाडून बसविलेल्या जोडतुकड्याने) जोडलेली आहे तिथपासून मीटर, मुख्य व्हॉल्व्ह, सम्प, मोटार, छतावरची टाकी आणि शेवटची तोटी इथपर्यंतचा रस्ता रेखाटावा. विहीर किंवा बोअर असल्यास तिची नळी वेगळ्या रंगाने काढावी. हे दोन रंग कागदावर जिथे एकत्र येतात, तिथेच बहुतेक घरांची अडचण असते. शहापूर, वडगाव, अनगोळ अशा जुन्या वस्त्यांत वाड्याच्या मागे विहीर असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि उन्हाळ्यात नळ आटला की विहिरीचे पाणी त्याच छतावरच्या टाकीत चढविण्यासाठी कधीतरी कोणीतरी दोन नळ्या एका ‘टी’ने जोडून मध्ये एक व्हॉल्व्ह बसविलेला असतो. तो व्हॉल्व्ह आज कोण बंद करतो, हे घरातील सगळ्यांना ठाऊक नसते.

नकाशावर आणखी काही ठिकाणी फुली मारावी लागते. सम्पमध्ये खोलवर उतरविलेली नळी, गोठ्यातील हौदात सोडलेली रबरी नळी, शौचालयातील हातफवारा, वॉशिंग मशीनची जोडणी आणि ऊस किंवा भाजीपाला करणाऱ्यांच्या अंगणातील फवारणीचे पिंप या जागा चुकवू नयेत. तणनाशकाच्या पिंपात नळी बुडवून ती तशीच ठेवून चहाला जाण्याची सवय या सर्वांत धोकादायक आहे, असे मला वाटते. कारण तेथे जिवाणू नव्हे तर विष ओढले जाते आणि ते उकळून जात नाही.

दाब कमी म्हणून जमिनीत खड्डा खणून त्यात तोटी बसविण्याची पद्धत आपल्याकडे बरीच आहे. अशा खड्ड्यात पावसाचे आणि भांडी धुतलेले पाणी साचते आणि तोटी त्यात बुडून राहते. याचा परिणाम कसा होतो, हे अमेरिकेतील वुस्टर येथे १९६९ मध्ये दिसून आले. होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल मैदानात जमिनीच्या पातळीखाली पाण्याच्या तोट्या होत्या. जवळपास लागलेली आग विझविण्यासाठी वाहिनीतून भरपूर पाणी घेतले गेले, दाब कोसळला आणि तोट्यांच्या खड्ड्यांतील दूषित पाणी नळीत ओढले गेले. संघातील बहुतेक खेळाडूंना काविळीची लागण झाली आणि त्या वर्षीचा हंगाम सोडून द्यावा लागला. तेथे दाब एकदा पडला होता. आपल्याकडे तो वेळापत्रकाप्रमाणे पडतो.

नळावर थेट मोटार बसविलेली असल्यास पुढची कोणतीही तपासणी करण्यापूर्वी ती काढून टाकावी. ती बेकायदा आहे, पाणीपुरवठा खाते अशा मोटारी जप्त करते, हे सर्वांना माहीत आहे. पण ती शेजाऱ्यांच्या नळ्यांत पोकळी निर्माण करते आणि गटाराचे पाणी त्यांच्या नळीत ओढून आणते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

हवेची फट: मोजपट्टीने होणारी तपासणी

उलट्या प्रवाहावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे नळीचे टोक आणि पाण्याची पातळी यांच्यामध्ये ठेवलेली मोकळी हवा. तिला स्प्रिंग नाही, रबर नाही, गंज चढत नाही. नियम असा की नळीच्या तोंडापासून टाकीच्या काठापर्यंत, म्हणजे ज्या पातळीवरून पाणी बाहेर सांडू लागेल तिथपर्यंत, नळीच्या आतील व्यासाच्या किमान दुप्पट अंतर असावे आणि ते कोणत्याही परिस्थितीत २५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावे. १५ मिलिमीटरच्या नळीसाठी ३० आणि २० मिलिमीटरच्या नळीसाठी ४० मिलिमीटर, असे हे गणित आहे.

मोजताना टाकीत आज पाणी किती आहे ते पाहू नये. फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरताच तरंगत्या गोळ्याने बंद होणारा) अडकला आणि टाकी तुडुंब भरली तर पाणी कुठपर्यंत येईल, ते पाहावे. छतावरच्या टाकीत हे सोपे असते. सम्पमध्ये मात्र ते अवघड होते, कारण येणारी नळी जमिनीखालून येते आणि झाकणाच्या कडेपेक्षा बरीच खाली उघडते. अशा वेळी सम्पला ओव्हरफ्लोची नळी असावी, ती येणाऱ्या नळीपेक्षा मोठ्या व्यासाची असावी आणि फट त्या ओव्हरफ्लोच्या पातळीपासून मोजावी. ओव्हरफ्लोचे दुसरे टोक गटारात सोडलेले असेल तर मृगाच्या पावसात गटार तुंबून तेच पाणी सम्पमध्ये येते, म्हणून ते टोक गटाराच्या वर उघडे ठेवून त्याला जाळी बसवावी. पाणी पडताना आवाज होऊ नये म्हणून काही गवंडी नळी सम्पच्या तळापर्यंत नेतात. ती नळी निर्दयपणे कापावी.

सम्पमध्ये उतरण्याचा मोह टाळावा. बंद सम्पमध्ये प्राणवायू कमी असू शकतो आणि माणूस आवाज न करता बेशुद्ध पडतो. मोजमाप वरून, काठीला पट्टी बांधून घेता येते. उतरणे अटळच असेल तर झाकण बराच वेळ उघडे ठेवावे, मोटारीची वीज मुख्य स्विचवरून बंद करावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा आणि वर दुसरा माणूस असावा.

नॉन रिटर्न व्हॉल्व्हची परीक्षा

जिथे हवेची फट ठेवता येत नाही तिथे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे प्लंबरच्या भाषेत एनआरव्ही, बसविला जातो. तो बसविला म्हणजे काम झाले असे समजले जाते, आणि इथेच सर्वाधिक फसगत होते. खंडित पुरवठ्यात पाण्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर गंजाचे कण आणि वाळू येते. त्यातील एक खडा झडपेच्या बैठकीवर अडकला तरी व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून एनआरव्हीची परीक्षा घेता येईल अशी व्यवस्था मुळातच करून ठेवावी लागते.

ती व्यवस्था अशी. मीटरनंतर एक बॉल व्हॉल्व्ह, त्याच्यापुढे अर्ध्या इंचाची एक लहान तोटी, मग एनआरव्ही, मग पुन्हा एक लहान तोटी आणि शेवटी दुसरा बॉल व्हॉल्व्ह. एनआरव्हीच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे फिरवून खोलता येणारा सांधा, असावे, म्हणजे नळी न कापता तो काढता येतो. व्हॉल्व्हवरील बाण घराच्या दिशेने आहे की नाही ते पाहावे. उलटा बसविलेला व्हॉल्व्ह पाणीच येऊ देत नसल्यामुळे प्लंबरने त्याची झडप काढून टाकलेली आहे, असेही प्रकार सापडतात. लोंबती झडप असलेला प्रकार आडव्या नळीत, किंवा पाणी खालून वर जात असलेल्या उभ्या नळीतच चालतो. पाणी वरून खाली येणाऱ्या नळीत तो कधीच मिटत नाही. तिथे स्प्रिंगचा व्हॉल्व्ह घ्यावा.

परीक्षेसाठी नळाला पाणी नसलेला दिवस निवडावा. मीटरकडचा बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा, म्हणजे चाचणीच्या वेळी काही गडबड झाली तरी घरचे पाणी रस्त्याकडे जाणार नाही. आता एनआरव्हीच्या रस्त्याकडच्या बाजूची लहान तोटी उघडावी आणि त्या तुकड्यात साचलेले पाणी निथळू द्यावे. ते थांबल्यावर तोटीखाली कोरडे भांडे ठेवावे. घराच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडून विहिरीची मोटार चालू करावी, किंवा मोटार नसल्यास छतावरच्या टाकीचे पाणी त्या नळीवर येऊ द्यावे, आणि दहा मिनिटे तोटीकडे पाहत राहावे. भांडे कोरडे राहिले तर व्हॉल्व्ह मोठ्या दाबाला टिकतो. थेंब पडले तर तो नापास समजावा. ‘फक्त थेंब आहेत’ असे म्हणून सोडून देऊ नये. दिवसभर मोटार चालू असलेल्या घरातून थेंबाथेंबाने किती पाणी वाहिनीत जाते, हे भांडे रात्रभर ठेवून पाहिल्यास कळेल.

इथे थांबणे मात्र अर्धवट ठरेल. मोठा दाब झडपेला बैठकीवर आवळून धरतो, त्यामुळे जास्त दाबाला घट्ट बसणारी झडप कमी दाबाला गळू शकते. म्हणून दुसरी परीक्षा कमी दाबाची घ्यावी. मोटार बंद करून घराच्या बाजूचा बॉल व्हॉल्व्ह बंद करावा. त्या बाजूच्या लहान तोटीला पारदर्शक नळी जोडून ती उभी बांधावी आणि तिच्यात तोटीपासून ७० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरावे. एवढ्या उंचीचे पाणी सुमारे १ पौंड प्रति चौरस इंच इतका दाब देते. नळीवर पेनाने खूण करावी, रस्त्याकडची तोटी उघडीच ठेवावी आणि दहा मिनिटांनी पातळी पाहावी. पातळी जागची हलली नसेल तर व्हॉल्व्ह पास. ती खाली गेली असेल तर आधी सांधे कोरड्या फडक्याने पुसून तिथून पाझर नाही याची खात्री करावी, आणि मग दोष व्हॉल्व्हचा आहे असे मानावे.

नापास झालेला व्हॉल्व्ह युनियन सैल करून काढावा, बैठक आणि झडप स्वच्छ धुवावी, रबराचा वायसर कडक झाला असेल तर बदलावा आणि दोन्ही परीक्षा पुन्हा घ्याव्यात. दुसऱ्यांदा नापास झाल्यास दुरुस्तीत वेळ घालवू नये, नवा घ्यावा. व्हॉल्व्हच्या आधी जाळीचा गाळक बसविल्यास खडे अडतात, पण तो गाळक दर काही आठवड्यांनी धुवावा लागतो, हे प्लंबर सांगत नाही.

विहीर किंवा बोअर जोडलेल्या घरांसाठी माझे मत थोडे कडक आहे. तिथे एनआरव्हीवर विसंबू नये. दोन्ही नळ्या छतावरच्या टाकीच्या वर स्वतंत्रपणे आणाव्यात आणि दोघींची तोंडे टाकीच्या काठापेक्षा वर, हवेची फट ठेवून उघडी सोडावीत. ते शक्य नसेल तर मधला ‘टी’ काढून युनियन लावलेला नळीचा एकच सुटा तुकडा ठेवावा, जो एका वेळी नळाच्या किंवा विहिरीच्या नळीलाच जोडता येईल. एक तुकडा दोन ठिकाणी असू शकत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर ही सुरक्षितता उभी आहे.

पाणी स्वतः काय सांगते

नळ्यांची परीक्षा झाल्यावर पाण्याची एक झटपट चाचणी करता येते. मीटरला लागून असलेल्या तोटीचे पाणी सुटलेल्या दिवशी घ्यावे आणि बाजारात मिळणाऱ्या क्लोरीन चाचणीच्या थेंबांनी तपासावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, त्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळा क्लोरीन उरलेला असावा. शेजारच्या दोन घरांत रंग येतो आणि आपल्या तोटीवर येत नाही, असे झाल्यास आपल्याच जोडणीत काहीतरी मिसळत आहे असा संशय घ्यावा. विहिरीच्या आणि नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, सहसा वेगळा असतो. त्यामुळे टीडीएस मीटरनेही मिसळ ओळखता येते, पण हा मीटर जिवाणू दाखवीत नाही, हे विसरू नये. पाणी बंद झाल्यावर मीटरचा काटा मागे फिरताना दिसला तर नळीतून हवा किंवा पाणी ओढले जात आहे, एवढे नक्की.

दूषित पाणी टाकीत शिरल्याचे आढळल्यास टाकी रिकामी करून घासावी, पुन्हा भरावी आणि दर १००० लिटरला २०० ग्रॅम, २५ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून, निवळलेले पाणी टाकीत ओतावे. रात्रभर ठेवून ते सगळे सोडून द्यावे आणि टाकी खळबळून घ्यावी. तोपर्यंत पिण्याचे पाणी उकळावे, शेजाऱ्यांना सांगावे आणि पाणीपुरवठा कार्यालयाला लेखी कळवावे. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यावा लागला तरी सोबत तो दोन रंगांचा नकाशा जोडावा. अभियंत्याला जागेवर येण्यापूर्वीच प्रश्न कळतो.

रुग्णालये, कारखाने आणि मोठ्या इमारती

उद्यमबागेतील कारखाने, रुग्णालये, प्रयोगशाळा, दुग्धालये आणि अग्निशमन पंप असलेल्या इमारती यांना साधा एनआरव्ही पुरत नाही. जिथे रसायन किंवा रोगजंतू मागे फिरण्याची शक्यता असते, तिथे जगभर दोन झडपा आणि त्यांच्यामध्ये दाब कमी होताच उघडणारी मोरी, अशी जोडसंच पद्धत वापरली जाते. अमेरिकेत अशा संचाची चाचणी प्रशिक्षित माणसाकडून साधारणतः दरवर्षी करून घ्यावी लागते. संचाला चार चाचणीतोट्या असतात. त्यांना दाबफरक मोजणारा मीटर जोडतात. पहिल्या झडपेवरील दाबफरक सामान्यतः किमान ५ पौंड प्रति चौरस इंच असावा, मोरीतून पहिला थेंब पडेल त्या वेळी तो २ किंवा त्याहून जास्त असावा आणि दुसऱ्या झडपेने किमान १ पौंड पेलावा. मोरी कधीही पाण्याखाली जाता कामा नये, म्हणून हा संच खड्ड्यात बसवीत नाहीत.

आपल्याकडे हा संच विकत घेण्याआधी एक गोष्ट पाहावी. पुरवठा खंडित असेल तर प्रत्येक वेळी वाहिनीतील दाब गेला की मोरी उघडणार आणि पाणी जमिनीवर सांडणार. त्यामुळे अशा ठिकाणी मधली टाकी बांधून तिच्यावर हवेची फट ठेवणे आणि तिथून पुढे स्वतःच्या पंपाने पाणी खेळविणे, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. ज्या प्रभागात अखंड पुरवठा सुरू झाला आहे, तिथे संच चांगला चालतो.

घरगुती परीक्षा वर्षातून दोनदा पुरेशी होते: एकदा मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस लागून विहिरींची पातळी चढण्यापूर्वी, आणि एकदा पावसाळा संपल्यावर. याशिवाय रस्ता खोदून वाहिनी दुरुस्त झाली, मोटार बदलली किंवा प्लंबरने नळीला हात लावला की पुन्हा घ्यावी. तारीख, कोणत्या व्हॉल्व्हची परीक्षा घेतली, किती वेळ पाहिले आणि काय आढळले हे मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटविलेल्या कागदावर लिहावे. घर भाड्याने दिलेले असल्यास तो कागद भाडेकरूला दाखवावा आणि विहिरीकडचा सुटा तुकडा कोण हलवणार, हे त्याच वेळी ठरवून घ्यावे.